त्याला कुणी विचारलं होतं का?

गेल्या अंकात मी या सदरात सूझन कूपर यांच्या ‘द डार्क इज रायझिंग’ या १९७३ सालच्या किशोर-कादंबरीविषयी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. इंग्लंडात बकिंगहॅमशायरमध्ये, टेम्स नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात विल स्टँटन नावाचा मुलगा राहतो. घरात नऊ भावंडं, हा सगळ्यांत धाकटा. २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, तो अकरा वर्षांचा होतो. त्याच दिवशी त्याला सांगितलं जातं की तू ‘ओल्ड वन्स’ या काळाच्या आरपार जाणाऱ्या पुरातन लोकांपैकी शेवटचा आहेस. अंधाराच्या शक्ती उठल्या आहेत आणि लाकूड, कांसं, लोखंड, पाणी, अग्नी, दगड अशी सहा चिन्हं तुला गोळा करायची आहेत. नाताळचे बारा दिवस संपेपर्यंतचीच मुदत.

आता पत्रं.

‘मावशी, तुम्ही सांगितलं म्हणून पुस्तक मिळवून वाचलं. बर्फाचा भाग भारी आहे. पण हे निवडलेले हीरो सगळीकडे आधी घाबरतात आणि “मला नको” म्हणतात, ते कशाला? शक्ती मिळाली आहे, जगाला गरज आहे, मग सरळ निघायचं ना! मी असतो तर पहिल्याच पानावर निघालो असतो.’ — नववीतला एक वाचक, इचलकरंजी

तू निघाला असतास यावर माझा विश्वास आहे. पण कुठे निघाला असतास? विलच्या बाजूनं तो पहिला दिवस परत एकदा बघ. आदल्या संध्याकाळी घरचे पाळलेले ससे त्याला बघून बिथरतात. तो रेडिओजवळून गेला की खरखर सुरू होते. ओळखीचे शेतकरी मिस्टर डॉसन त्याच्या हातात लोखंडाचं चिन्ह ठेवतात, वर्तुळ आणि आत फुली, आणि जपून ठेव म्हणतात. का, ते सांगत नाहीत. रात्री माळ्यावरच्या खोलीत तो एकटा झोपलेला असताना छपरातली खिडकी धाडकन उघडते आणि बर्फ आत कोसळतं. सकाळी उठतो तर घरातलं कुणीच जागं होत नाही. हाक मारली, हलवलं, तरी नाही. बाहेर रोजचं गाव जाऊन तिथं जुनं, दाट अरण्य उभं आहे. शक्ती मिळाल्याचं त्याला पुढे कळतं. आपली माणसं हाकेला ओ देत नाहीत, हे आधी कळतं. अकरा वर्षांच्या मुलाला यात आनंद कुठून होईल?

आमचं वाचनालय वाईत आहे, कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत. डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी मी मुलांना हे पुस्तक मराठीत सांगते. माझी प्रत पुण्यात फुटपाथवर घेतलेली आहे, तिचा कणा मी दोनदा खळ लावून चिकटवला आहे. काही वर्षांपूर्वी सांगता सांगता मी मेरिमन लायनपाशी आले. मेरिमन हा विलचा गुरू, त्या पुरातन लोकांतला सर्वांत जुना. तो विलला सांगतो की कुठलीही मोठी देणगी हे ओझंच असतं आणि यातून सुटका व्हावी असं तुला पुष्कळदा वाटेल. दाराजवळ दहावीतला एक मुलगा बसायचा, सहसा न बोलणारा. तो एकदम म्हणाला, ‘पण त्याला कुणी विचारलं होतं का?’

त्या मुलाचे वडील आदल्या पावसाळ्यात पसरणीच्या घाटात मोटारसायकलवरून पडले होते आणि अंथरुणाला खिळले होते. घरी चार म्हशी. पहाटे उठून धारा काढायच्या, डेअरीवर दूध घालायचं आणि मग शाळा. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, ‘आता घरातला कर्ता तूच रे बाबा.’ कौतुकानंच म्हणायचे सगळे. पण त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. त्यानं एकाही दिवशी धारा चुकवल्या नाहीत, परीक्षाही दिली. त्याला फक्त तो प्रश्न एकदा मोठ्यानं उच्चारायला जागा हवी होती आणि ती त्याला एका इंग्रज मुलाच्या गोष्टीत मिळाली.

तू विचारलंस म्हणून आणखी एक सांगते, कारण त्यात मला खरं उत्तर दिसतं. अशी पुस्तकं लिहिणाऱ्यांची आयुष्यं बघ. टोलकीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या फ्रोडोला अंगठी नको असते, आपल्या हयातीत हे घडायला नको होतं असं त्याला वाटतं. त्या टोलकीन यांनी, भोवतालचे तरुण भराभर सैन्यात जात असताना, १९१५ साली पदवीची परीक्षा होईपर्यंत भरती लांबवली होती. १९१६ मध्ये ते पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत खंदकात होते आणि त्या युद्धात त्यांचे जवळचे मित्र गेले. कूपरबाई १९३५ च्या. त्यांचं लहानपण दुसऱ्या महायुद्धातलं, भोंगा वाजला की निवाऱ्यात पळायचं आणि वर विमानांचा आवाज ऐकत बसायचं. प्रकाश आणि अंधार यांची लढाई त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. लॉइड अलेक्झांडर हे अमेरिकन लेखक त्याच युद्धात सैनिक म्हणून वेल्समध्ये होते, आणि त्यांची प्रायडेन या काल्पनिक देशाची पाच पुस्तकं त्या भूमीच्या ओढीतून आली. या लोकांनी खरं बोलावणं पाहिलं होतं. वीस वर्षांच्या पोराच्या नावानं घरी कागद येतो, तो जातो, आणि पुष्कळदा परत येत नाही. म्हणून त्यांच्या नायकांना निघायची घाई नसते.

पहिल्या पानावर निघणारा हीरो मलाही आवडतो, खेळात तर तोच हवा. पण तो काय सोडून निघाला हे आपल्याला कळत नाही, आणि मग तो परत आला की नाही याचीही फारशी काळजी वाटत नाही.

‘या कादंबरीवर चित्रपट आहे म्हणे. मुलांना आधी तो दाखवला तर चालेल का?’ — एक वाचक, ठाणे

मी दाखवणार नाही. २००७ च्या त्या चित्रपटात विलला वयानं मोठा आणि अमेरिकन केलं आहे, आणि गावाशी, त्या बर्फाशी, भरलेल्या घराशी असलेलं त्याचं नातंच सुटलं आहे. त्यापेक्षा बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसनं २०२२ च्या डिसेंबरात केलेलं बारा भागांचं श्राव्य रूप ऐकवा. २० डिसेंबरपासून, पुस्तकातल्या तारखा धरून ते प्रसारित झालं होतं. दिवे मालवून ऐकायचं.

‘ताई, आपल्या स्तंभाविषयी आदर ठेवून लिहितो. ऐन वेळी कच खाणारा नायक आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी झाला आहे. अर्जुनाच्या हातून गांडीव गळून पडलं होतं. मग मुलांना परदेशी विलची गोष्ट कशाला सांगायची?’ — एक निवृत्त शिक्षक, मिरज

गुरुजी, नमस्कार. अर्जुनाची आठवण तुम्ही काढलीत हे फार बरं झालं. गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याचं तोंड कोरडं पडतं, अंगाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, उभं राहवत नाही. दुसऱ्या अध्यायात ‘न योत्स्ये’, मी लढणार नाही, म्हणून तो गप्प बसतो. भीती शरीरात कशी उतरते याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. शनिवारी मुलांना मी तेही सांगते.

तरी दोन गोष्टी मांडू द्या. अर्जुन कसलेला योद्धा आहे. नातवंडं होण्याच्या वयाला आलेला आहे. त्याला युद्ध येत नाही म्हणून तो थांबत नाही, समोर कोण उभं आहे ते दिसतं म्हणून थांबतो. पोरवयातल्या मुलाची भीती निराळी असते, ‘हे मला जमणारच नाही’ अशी. महाभारतात तिचा धनी शोधायचा तर मी विराटपर्वात जाईन. राजपुत्र उत्तर अंतःपुरात बायकांसमोर मोठमोठ्या गोष्टी करतो, सारथी मिळाला तर कौरवांना असा धडा शिकवीन म्हणतो, आणि प्रत्यक्ष सेना दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटतो. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याच्यामागे धावतो, त्याला धरून आणतो. मग यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट घडते. अर्जुन त्याला लढ म्हणत नाही. तू रथ हाक, लढतो मी, असं म्हणतो. घाबरलेल्या मुलाला त्याच्या बेताचं काम देतो, आणि उत्तर ते काम नीट करतो. लहानपणी आमच्याकडे उत्तराला हसण्यासाठी ही गोष्ट सांगायचे. मी ती हसण्यासाठी सांगत नाही, कारण हाच उत्तर कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याच्या हातून मारला जातो. तेव्हा तो पळालेला नसतो.

दुसरी गोष्ट अभिमन्यूची. चक्रव्यूहात शिरायचं त्याला माहीत आहे, बाहेर पडायचं माहीत नाही, आणि हे तो आधी सांगतो. थोरले म्हणतात, तू वाट कर, आम्ही मागून येतो. जयद्रथ त्यांना अडवतो, मागून कुणीच येऊ शकत नाही. मुलांना हे सांगितलं की एक-दोन जण तरी विचारतात, ‘मग मोठ्यांनी त्याला पाठवलंच कशाला?’ विलची गोष्ट सांगताना नेमका हाच प्रश्न येतो. तो वाईतल्या पोरांना दोन्हीकडे पडतो, म्हणून मला दोन्ही गोष्टी लागतात.

‘माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. अशी पुस्तकं एकामागून एक वाचते. परवा रात्री म्हणाली, “आई, मी अशी कुणीच नाही ना, मला कधी कुणी बोलवायला येणार नाही.” आणि रडली. ही पुस्तकं बंद करू का?’ — एक आई, नाशिक

बंद करू नका. तुमच्या जवळ येऊन तिनं हे म्हटलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. दोघींनी मिळून पुढचं पुस्तक वाचा, पण कुठलं ते नीट निवडा.

तिच्या रडण्यात एक खरी तक्रार आहे, आणि या पुस्तकांवर प्रेम असूनही ती मला मान्य आहे. विल मोठा का? तर सातव्या मुलाचा सातवा मुलगा म्हणून. त्यालाही आधी वाटत असतं की आपण सहावे. मग नाताळच्या झाडासाठी कोरलेल्या लाकडी आद्याक्षरांत एक जास्तीचं अक्षर सापडतं, आणि आई सांगते की सगळ्यांत पहिला टॉम जन्मानंतर तिसऱ्या दिवशी गेला. प्रसंग सुरेख आहे. मी वाचून दाखवते तेव्हा खोलीत आवाज नसतो. पण त्याचा अर्थ असा निघतो की मोठेपण जन्मावरच ठरलं. ज्या समाजात कुणी कुठल्या घरात जन्मलं यावरून शतकानुशतकं पाणवठे वेगळे ठेवले गेले, तिथल्या मुलांना ही गोष्ट सांगताना मी इथं थांबते आणि हे बोलून दाखवते. गोष्ट छान असली म्हणून तिची प्रत्येक समजूत आपण घरात घ्यायची असं नाही.

तुमच्या लेकीला लॉइड अलेक्झांडर यांची प्रायडेन मालिका द्या, आणि त्यातलं चौथं पुस्तक, १९६७ सालचं ‘टॅरन वाँडरर’, तिच्याबरोबर तुम्ही स्वतः वाचा. टॅरन हा डुकरं राखणारा पोर, आणि तोसुद्धा मदतनीस. आईबाप कोण, माहीत नाही. त्याला वाटतं आपण नक्की कुठल्या तरी मोठ्या घराण्यातले असणार, आणि ते शोधायला तो घराबाहेर पडतो. वाटेत लोहाराकडे राहून तलवार घडवायला शिकतो, विणकर बाईकडे विणायला शिकतो, कुंभाराकडे चाकावर बसतो. मातीचं काम त्याला जीव लावून करावंसं वाटतं, आणि तिथंच त्याला कळतं की आपल्या हातात ती कला नाही. हे पान मी कितीदा वाचलं असेल! हवं ते काम मनापासून करायचं आणि ते आपल्यासाठी नाही हे कबूल करायचं, हे तेरा वर्षांच्या मुलीला कुठलं पुस्तक सांगतं? घराण्याचा शोध लागत नाही. मालिकेतल्या शेवटच्या, १९६८ च्या पुस्तकाला पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक, हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा सन्मान, मिळालं. त्यात त्याचा जन्म उलगडतो तोही असा, की रणभूमीवर सापडलेलं एक तान्हं मूल, कुळाची कुठलीच खूण नसलेलं. त्याच्या हातून जे होतं ते त्या खुणेशिवाय होतं.

आणि त्या रात्री तिला उत्तर काय द्यायचं, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. माझ्या अनुभवात ‘तू आमच्यासाठी खासच आहेस’ हे उत्तर या वयात पोचत नाही, मुली ते ऐकून घेतात आणि कूस बदलतात. तिला एखादं खरं काम सांगा, जे ती नसेल तर अडेल. आजीची औषधं वेळेवर देणं, धाकट्याला वाचायला शिकवणं, काहीही. आमच्याकडे एका बारा वर्षांच्या मुलीकडे मी पुस्तकांच्या नोंदवहीच्या कपाटाची किल्ली दिली होती. ती शाळेतून आल्याशिवाय वाचनालय उघडायचं नाही असं ठरलं. पावसात, सर्दी-तापातही ती किल्ली घेऊन यायची.

‘नमस्कार मावशी. मी बावीस वर्षांची आहे आणि मराठीत एक अद्‌भुत कादंबरी लिहिते आहे. कोकणातलं गाव, सोळा वर्षांची मुलगी. देवळात कौल लावतात आणि गावाची राखण हिनं करायची असा उजवा कौल येतो. तिला नको असतं. ऐंशी पानं झाली, पण मैत्रिणीनं वाचून सांगितलं की तिचं “नको” खोटं वाटतं, ती शेवटी हो म्हणणार हे कळतंच. काय करू?’ — एक लेखिका, कुडाळ

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कौल लावून निवड होणं ही कल्पना इतकी आपली आहे की मला हेवा वाटला. भविष्यवाणी लिहिलेली पोथी, आकाशवाणी, कपाळावरची खूण, यातलं काही नाही. देवाच्या अंगावर लावलेल्या पाकळ्या, समोर गाऱ्हाणं घालणारा माणूस, आणि सगळं गाव श्वास रोखून बघतंय की कुठली पाकळी पडते. हे सोडू नका.

आता मैत्रिणीच्या तक्रारीकडे येते. ती हो म्हणणार हे वाचकाला माहीत असणारच, कारण त्याशिवाय कादंबरी नाही. ‘हो’ म्हणताना तिच्या हातून काय जाणार, हे त्याला माहीत नसावं. पत्रात तुम्ही लिहिलं आहे की तिला ‘साधं आयुष्य हवं असतं’. सोळा वर्षांची कुठलीही मुलगी असं म्हणणार नाही. तिला काहीतरी ठरावीक हवं असतं. कौल लागतो तो दिवस कुठला? समजा मार्च आहे. दहावीची परीक्षा आठवड्यावर आली आहे आणि काजूचा हंगाम जोरात आहे. ती मावशीबरोबर काजू वेचते, बिया वजनावर घालून जे पैसे येतील त्यातून रत्नागिरीला तंत्रनिकेतनात जायचं ठरवलं आहे. पैसे कुठल्या डब्यात ठेवते, आत्तापर्यंत किती जमले, हे तुम्हाला ठाऊक हवं. राखण करणारीला गावाची वेस ओलांडता येत नाही असा नियम करा, मग बघा तिचं ‘नको’ कसं उभं राहतं ते. त्या डब्याकडे बघून ती नको म्हणेल आणि मैत्रिणीला ते खोटं वाटणार नाही.

दुसरं, गावातल्या थोरांविषयी. तुमच्या मसुद्यातले आजोबा सगळं जाणतात, सगळं प्रेमानं सांगतात, आणि त्यांची चूक कुठेच नाही. असा गुरू असला की मुलीला नकार द्यायला कारणच उरत नाही. इथं कूपरबाईंनी जे केलं ते मी मुद्दाम खुलासेवार सांगते, कारण माझ्या मते ते या सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्यांतलं सर्वांत धाडसाचं पान आहे.

मेरिमननं हॉकिन नावाचा एक अनाथ मुलगा लहानाचा मोठा केलेला असतो. हॉकिनमध्ये कसली शक्ती नाही, साधा माणूस, पण मेरिमनवर मुलासारखी माया. विलला एक जादूचा ग्रंथ वाचायचा असतो, तो एका घड्याळात लपवलेला आहे आणि त्यावर असा मंत्र घातला आहे की ग्रंथ बाहेर काढताना मेरिमनचा एक हात हॉकिनवर असायला हवा. अंधाराच्या शक्ती मधे पडल्या, तर ग्रंथ वाचवण्यासाठी हॉकिनचा बळी जाणार. हॉकिनला त्या क्षणी कळतं की ज्याला आपण बाप मानलं त्यानं आपला जीव एका पुस्तकापेक्षा कमी लेखला. तो फितूर होतो. त्याची शिक्षा म्हणून कांशाचं चिन्ह अंगावर बाळगत तो शेकडो वर्षं वणवण करतो, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला कावळ्यांनी घेरलेला जो फाटका म्हातारा विलला दिसतो तो हाच. मेरिमन नंतर कबूल करतो की माणसाला झेपणार नाही इतकं मी मागितलं. शेवटी हॉकिनला मरण मिळतं आणि ते सुटकेसारखं येतं.

विलच्या बाजूचे लोक बरोबर आहेत, आणि तरी त्यांनी हे केलं. हॉकिनची कहाणी समोर घडते तेव्हा विलचं ओझं पहिल्यांदा खरं जड होतं, कारण उद्या आपल्यालाही कुणाच्या तरी जिवावर हात ठेवावा लागेल हे त्याला दिसतं. तुमच्या आजोबांना असा एक हॉकिन द्या. मागच्या राखणदारणीचं काय झालं? गावात तिचं नाव का घेत नाहीत? तिची बहीण अजून जिवंत असेल तर ती देवळात का येत नाही?

कूपरबाईंचं सगळंच मला पटतं असं समजू नका. चिन्हं विलकडे जरा फार सहज चालत येतात. साध्या माणसांनी काही पाहिलं की पुरातन लोक त्यांच्या आठवणी पुसून टाकतात. याच मालिकेतल्या १९७७ च्या पाचव्या पुस्तकाच्या शेवटी तर सोबत लढलेली मुलंही सगळं विसरतात आणि एकट्या विललाच आठवत राहतं. दर वेळी ते वाचून मला राग येतो. इतकं सोसलं त्यांनी, निदान आठवण तरी त्यांची त्यांना ठेवू द्यायची. तुम्ही लिहाल तेव्हा गावाला आठवू द्या.

कौलाविषयी आणखी एक. तो जरा संदिग्ध ठेवता येतो का पाहा. हॅरी पॉटर सगळ्यांनी वाचलेला असतो, पण पाचव्या पुस्तकातली गोम पुष्कळ मुलांच्या नजरेतून सुटते. ती भविष्यवाणी दोन मुलांना लागू पडत असते, जुलैच्या अखेरीस जन्मलेल्या हॅरीला आणि नेव्हिललाही. शत्रूनं हॅरीला आपला वैरी मानलं आणि म्हणून तो निवडला गेला. तुमच्या देवळात पाकळी पडली तेव्हा वारा आला होता का? गाऱ्हाणं घालताना नाव स्पष्ट उच्चारलं होतं का? तिची चुलत बहीण त्याच नावाची असेल तर? मग तिला आयुष्यभर हा प्रश्न पुरेल की हे काम खरंच आपलं होतं का. आणि तरी ती ते करत राहील.

एकदा ‘हो’ म्हटल्यावर तिचं ‘नको’ संपवू नका, हेही महत्त्वाचं. मी १९९८ साली हे वाचनालय हाती घेतलं. चालवणारे गुरुजी आजारी पडले, आणि कुणीतरी उघडायला हवं म्हणून किल्ली माझ्याकडे आली. मला तेव्हा पुण्याला नोकरी लागत होती. नाही म्हणून मी घरी आले होते, रात्रभर झोपले नाही, आणि सकाळी जाऊन दार उघडलं. लोकांना वाटतं त्या सकाळी प्रश्न मिटला. तो दर जूनमध्ये परत येतो, छत गळायला लागतं तेव्हा. तुमच्या मुलीलाही दोनशेव्या पानावर पुन्हा तो डबा दिसू द्या.

भाषेविषयी थोडं. मसुद्यात ‘तू निवडलेली आहेस’ हे वाक्य अकरा वेळा आलं आहे. कोकणातला गुरव किंवा मानकरी असं बोलणार नाही. तुमच्या आजीला विचारा, गावात खरोखर असं झालं तर लोक काय म्हणतील, आणि ती मालवणीत जे म्हणेल ते तसंच कागदावर उतरवा. पुण्याच्या वाचकाला कळेल की नाही याची चिंता करू नका, दोन पानांत कळतं.

पहिली तीन प्रकरणं पुन्हा लिहून झाली की मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा. डब्यात किती पैसे आहेत ते पहिल्या प्रकरणातच येऊ द्या. डिसेंबरच्या आत आलं तर शनिवारी मुलांना वाचून दाखवीन, आणि ती जे विचारतील ते सगळं लिहून तुम्हाला कळवीन.